‘ओ’ गटाच्या आड दडलेला मुंबई गट

पुण्याहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता पौड मागे टाकून मुळशी जलाशयाच्या काठाकाठाने डोंगरात शिरतो आणि ताम्हिणीजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन पोहोचतो. तेथून पुढे घाट उतरला की रायगड जिल्ह्यातील माणगावचा मुलूख लागतो. आषाढ-श्रावणात येथे दाट धुके उतरते, वळणे निसरडी होतात, दरडी ढासळतात. देशावरून कोकणात आणि कोकणातून देशावर जाणारे प्रवासी, सणासुदीला गावी निघालेले चाकरमानी आणि पाऊस पाहावयास येणारे तरुण यांची या घाटात सतत ये-जा असते. घाट जितका देखणा, तितकाच तो दक्षतेने पार करावयाचा.

समजा, अशाच एखाद्या वळणावर अपघात झाला. जखमीच्या अंगातून पुष्कळ रक्त वाहून गेले आहे. त्याच्या खिशात एका शिबिरात मिळालेले ओळखपत्र आहे आणि त्यावर ‘रक्तगट ओ’ अशी स्पष्ट नोंद आहे. नातेवाईकांच्या जिवात जीव येतो, कारण ‘ओ’ गटाचे रक्त सहसा कोठेही मिळते. पुण्यातील रुग्णालयात पोहोचल्यावर रक्तपेढीतील तंत्रज्ञ नियमाप्रमाणे रुग्णाचे रक्त आणि पिशवीतील रक्त यांची जुळवणी, म्हणजे ‘क्रॉसमॅच’, करून पाहतो. पहिली पिशवी जुळत नाही. दुसरी जुळत नाही. तिसरी आणि चौथीही नाही. पेढीत ‘ओ’ गटाच्या पिशव्यांची रांग लागलेली असूनही त्यांतील एकही या रुग्णाला चालत नाही.

हा प्रसंग कल्पिलेला असला तरी त्यातील कोडे खरे आहे. ते प्रथम सुटले ते महाराष्ट्राच्या राजधानीत, आणि म्हणूनच जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत त्याला ‘मुंबई रक्तगट’ हे नाव मिळाले.

सन १९५२ ची नोंद

मानवी रक्ताचे गट असतात, हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी सन १९०१ मध्ये दाखवून दिले. त्या शोधाबद्दल त्यांना सन १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ए, बी, एबी आणि ओ हे चार गट पुढे सर्वमान्य झाले आणि प्रत्येक माणूस या चारांपैकी एका गटात बसतो, अशी समजूत दृढ झाली.

या समजुतीला पहिला धक्का मुंबईत बसला. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्या पाहण्यात असे रक्त आले की, ज्याच्या तांबड्या पेशी ‘ओ’ गटाच्या भासत, पण ज्याचा रक्तद्रव ‘ओ’ गटासह सर्वच गटांच्या पेशींच्या गुठळ्या करून टाकी. या रक्ताचे नमुने इंग्लंडमध्ये धाडण्यात आले. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या तेथील तज्ज्ञांनी ते तपासले आणि सन १९५२ मध्ये या सर्वांच्या नावे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध झाला. चार गटांच्या चौकटीबाहेरही माणसाचे रक्त असू शकते, हे त्या लेखाने सिद्ध केले.

पुढे सन १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांच्या संदर्भसेवेसाठी एक केंद्र सुरू झाले. आज परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था ही त्याच केंद्राची वाढ होय. देशाच्या कानाकोपऱ्यातून न उलगडणाऱ्या रक्तगटांचे नमुने येथे येतात.

खुंटी आणि तिच्यावरील वस्त्र

या गटाचे रहस्य समजून घेण्यासाठी घरातील भिंतीवरच्या खुंटीचे उदाहरण उपयोगी पडेल. तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. या साखळीच्या टोकाला ‘फ्युकोज’ नावाची एक शर्करा जोडली गेली की ‘एच’ हा पदार्थ तयार होतो. हा ‘एच’ म्हणजे भिंतीवरील खुंटी होय. ज्यांच्याजवळ ए गटाचे जनुक असते, त्यांच्या शरीरात या खुंटीवर एक विशिष्ट शर्करा चढते. बी गटाचे जनुक असल्यास दुसरी चढते. एबी गटात दोन्ही आढळतात. ओ गटाच्या माणसाजवळ यांपैकी कोणतेच काम करणारे जनुक नसते. त्यामुळे त्याच्या खुंट्या रिकाम्या राहतात. पण खुंट्या असतात, हे महत्त्वाचे.

मुंबई गटाच्या व्यक्तीत मूळ खुंटीच घडत नाही. ती घडविणारे विकर ज्या जनुकाच्या आज्ञेने तयार होते, ते ‘एच’ जनुक तिच्यात निकामी झालेले असते. मग तिच्याजवळ ए किंवा बी गटाचे धडधाकट जनुक असले, तरी त्याचा काही उपयोग होत नाही. खुंटीच नाही, तर वस्त्र टांगावयाचे कोठे? नेहमीच्या तपासणीत तंत्रज्ञ ए आणि बी यांचाच शोध घेतो. दोन्ही न सापडल्यामुळे तो ‘ओ’ अशी नोंद करतो. भिंतीवर खुंटी आहे की नाही, हे या तपासणीत पाहिलेच जात नाही.

धोका येथूनच सुरू होतो. शरीराला जो पदार्थ आपला म्हणून ठाऊक नसतो, त्याला ते परके समजते. मुंबई गटाच्या व्यक्तीच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. ‘ओ’ गटाच्या पेशींवर तर ‘एच’ हा पदार्थ सर्वांत अधिक असतो. म्हणून एरवी सर्वांना चालणारे असे समजले जाणारे ‘ओ’ रक्त या व्यक्तीला दिले गेल्यास तिची प्रतिद्रव्ये त्या पेशींवर तुटून पडतात, पेशी फुटतात, मूत्रपिंडांवर आघात होतो आणि प्रसंगी प्राणही जातो. या व्यक्तीला रक्त चालते ते केवळ मुंबई गटाच्याच दुसऱ्या व्यक्तीचे.

एरवी मात्र या गटाची माणसे पूर्णपणे निरोगी असतात. हा आजार नव्हे, दोष तर मुळीच नव्हे. रक्त देण्याघेण्याचा प्रसंग येईपर्यंत आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

एका अक्षराचा फरक

‘एच’ जनुकाचे स्थान माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. सन १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ते वेगळे करून त्याची ओळख पटविली. शास्त्रीय भाषेत त्यास ‘एफयूटी-१’ असे म्हणतात. भारतातील मुंबई गटाच्या व्यक्तींमध्ये या जनुकाच्या लिखितातील ७२५ व्या जागेवर एका अक्षराऐवजी दुसरे आलेले आढळते. तेवढ्याने विकराच्या घडणीतील २४२ वा घटक बदलतो आणि विकर निरुपयोगी होते. मोडी कागदपत्रात एका अक्षराच्या वळणाने जमिनीचा मालक बदलावा, तसाच हा प्रकार आहे.

हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर भारतातून गेलेल्या लोकांच्या वंशजांतही हाच बदल सापडला. माणसे समुद्र ओलांडून गेली, भाषा आणि पोशाख बदलले, पण पूर्वजांनी दिलेले ते अक्षर पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहिले.

प्रत्येक व्यक्तीला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोहोंपैकी एक प्रत चांगली असली तरी खुंटी घडते आणि गट नेहमीसारखा राहतो. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत मुंबई गट येण्याची शक्यता चारांत एक असते.

भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते, असे मानले जाते. मुंबईतील पाहणीत हे प्रमाण सुमारे ७,६०० मध्ये एक असे आढळले. युरोपात मात्र ते सुमारे दहा लाखांत एक इतके विरळ आहे. दहा हजारांत एक हा आकडा लहान वाटतो. परंतु वंशशास्त्राच्या गणिताने पाहता, या प्रमाणामागे दर पन्नास माणसांत सुमारे एक वाहक असतो. साठ मुलांच्या शाळेच्या वर्गात सरासरीने एक मूल हे जनुक नकळत बाळगून असावे, असा त्याचा अर्थ.

नाव शहराचे, जनुक गावांचे

या गटाला मुंबईचे नाव मिळाले, कारण तपासणी मुंबईत झाली. प्रयोगशाळा तेथे होती, मोठी रुग्णालये तेथे होती. पण मुंबईत राहणारी माणसे आली कोठून? गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत राबलेली लाखो माणसे कोकणातून आणि घाटावरून आलेली होती. भारतातील मुंबई गटाच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातील आहेत आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कोकणपट्टीचा उल्लेख वारंवार येतो. शेजारच्या गोवा आणि कर्नाटकातही हा गट आढळतो. जनुकाला जिल्ह्याची वेस नसते. ते घाटवाटांनी, सोयरिकींनी आणि नोकरीधंद्याच्या निमित्ताने माणसांबरोबर फिरत राहते. म्हणूनच ताम्हिणीसारख्या, देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या मुलखातील वाचकाने हा विषय केवळ महानगराचा समजू नये.

यासंबंधात आपल्याकडील विवाहपद्धतीचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची प्रथा आहे. डोंगरी भागात वाड्यावस्त्या लहान आणि सोयरीकही जवळच्याच खोऱ्यांत, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसतो. एरवी वाहकाचा विवाह दुसऱ्या वाहकाशी होण्याची शक्यता पन्नासांत एक असते. आते-मामे भावंडांपैकी एक वाहक असेल, तर दुसऱ्याकडे तेच जनुक आलेले असण्याची शक्यता मात्र आठांत एक इतकी वाढते. प्रथेची निंदा करण्याचे येथे प्रयोजन नाही. जवळच्या नात्यात विवाह झालेल्या घरांत रक्तगटाची तपासणी अधिक काळजीने व्हावी, एवढेच सांगावयाचे आहे.

एका अन्यायाची शक्यता

या जनुकाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो रक्तपेढीच्या बाहेरचा आहे. आई ‘ओ’ गटाची आणि वडीलही ‘ओ’ गटाचे असतील, तर मूल ‘ओ’ गटाचेच होणार, असे शालेय पुस्तकांत शिकविले जाते. ते सर्वसाधारणपणे खरेही आहे. परंतु ‘ओ’ म्हणून नोंदलेली आई वस्तुत: मुंबई गटाची असेल आणि तिच्याजवळ बी गटाचे जनुक झाकलेले असेल, तर काय होईल? मुलाला आईकडून बी गटाचे जनुक मिळेल आणि वडिलांकडून खुंटी घडविणारे चांगले ‘एच’ जनुक मिळेल. आईच्या शरीरात जे प्रकट होऊ शकले नाही, ते मुलात प्रकट होईल आणि मुलाचा गट ‘बी’ निघेल.

अर्धवट माहितीच्या घरात अशा वेळी बोट कोणाकडे दाखविले जाईल, हे सांगावयास नको. जी स्त्री सर्वस्वी निर्दोष आहे, तिच्या चारित्र्यावर एका कागदाच्या चिठोऱ्याने डाग लागू शकतो. रक्तगटाच्या साध्या तपासणीवरून पितृत्वाविषयी निष्कर्ष काढणे किती घातक आहे, याचा हा वस्तुपाठ होय. असा पेच उद्भवल्यास घरातील वडीलधाऱ्यांनी, ग्रामपंचायतीतील मंडळींनी किंवा शिक्षकांनी निवाडा देऊ नये. आई, वडील आणि मूल या तिघांच्याही रक्ताची तज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी.

वृत्तपत्रांतील जनुके

अलीकडच्या काळात जनुके हा वृत्तपत्रांचा आवडता विषय झाला आहे. सन २०१३ मध्ये अमेरिकन अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी ‘बीआरसीए-१’ या जनुकातील बदलामुळे आपण स्तनांची प्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले आणि त्या जनुकाचे नाव घरोघर पोहोचले. आपल्या राज्यात सिकलसेलच्या जनुकाची चर्चा त्याहून जुनी आहे. नागपूर येथील डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीची आपली नोंद सन १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. सन २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे.

मुंबई गट अधूनमधून बातम्यांत येतो, तो मात्र माणुसकीच्या निमित्ताने. सन २०१६ मध्ये बांगलादेशात ढाका येथे अपघातात जखमी झालेल्या एका तरुणाला या गटाचे रक्त हवे होते. मुंबईतील चौघा दात्यांनी दिलेल्या रक्ताच्या पिशव्या त्याच्यासाठी सीमेपार धाडण्यात आल्या. सन २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एक दाता सुमारे ४०० किलोमीटर मोटारीने प्रवास करून इंदूरला गेला आणि तेथील एका महिलेला त्याने रक्त दिले. अशा बातम्या वाचून मन भरून येते. तथापि त्यांची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावयास हवी. चारशे किलोमीटरवरून रक्त येईपर्यंत प्रत्येक रुग्ण तग धरू शकेलच असे नाही. दात्याच्या औदार्याला आगाऊ माहितीची आणि नोंदणीची जोड मिळाली, तरच ते वेळेवर उपयोगी पडते.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट तपासणीची. रक्तगटाची तपासणी दोन बाजूंनी करता येते. एका तपासणीत पेशींवर काय आहे ते पाहतात आणि दुसरीत रक्तद्रवात कोणती प्रतिद्रव्ये आहेत ते पाहतात. शिबिरांत काचपट्टीवर होणारी झटपट तपासणी बहुधा पहिल्याच प्रकारची असते. मुंबई गट उघड होतो तो दुसऱ्या तपासणीत, रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळून पाहिल्यावर. खऱ्या ‘ओ’ गटाच्या रक्तात अशा वेळी गुठळ्या होत नाहीत, मुंबई गटाच्या रक्तात त्या होतात. यानंतर ‘युलेक्स युरोपियस’ नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने पेशींवर ‘एच’ आहे की नाही याची खात्री करता येते. ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ अशी नोंद आहे, त्यांनी एकदा नोंदणीकृत रक्तपेढीत जाऊन दोन्ही बाजूंची तपासणी झाली आहे किंवा कसे, हे विचारून घ्यावे. बहुतेकांचा गट ‘ओ’ हाच निघेल आणि त्यांचे समाधान होईल.

दुसरी गोष्ट भावंडांची. एखादी व्यक्ती मुंबई गटाची असल्याचे निश्चित झाले, तर तिच्या सख्ख्या भावाबहिणींची तपासणी सर्वप्रथम करावी. त्यांच्यापैकी प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते. दात्याच्या शोधात देशभर संदेश धाडण्यापूर्वी तो घरातच सापडू शकतो.

तिसरी गोष्ट पूर्वतयारीची. या गटाच्या गर्भवतीने पहिल्या महिन्यांतच आपला गट डॉक्टरांना सांगावा, रक्तक्षय होऊ नये म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात आणि बाळंतपण रक्तपेढीची सोय असलेल्या रुग्णालयात करावे. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचेच रक्त काढून ठेवता येते. तांबड्या पेशी नेहमीच्या पद्धतीने पाच ते सहा आठवडेच टिकतात. ग्लिसरॉलचा वापर करून त्या अतिशीत अवस्थेत मात्र दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे जिवंत दात्यांची यादी हाच खरा साठा होय.

आणि म्हणून चौथी गोष्ट नोंदणीची. राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्थेने दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची नोंदवही सिद्ध केली आहे. मुंबई गटाच्या प्रत्येक प्रौढ आणि निरोगी व्यक्तीचे नाव अशा नोंदवहीत असणे अगत्याचे आहे. या दात्यांनी सर्वसाधारण शिबिरांत रक्त देण्याची घाई करू नये. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येते. आज साध्या शिबिरात दिलेली पिशवी उद्याच्या निकडीच्या वेळी परत घेता येणार नाही.

ताम्हिणीच्या घाटात पाऊस दरवर्षी येणार, धुके उतरणार आणि माणसे तो घाट चढत-उतरत राहणार. त्यांपैकी कोणाच्या रक्तात ते बदललेले अक्षर आहे, हे चेहऱ्यावरून कोणालाही ओळखता येणार नाही. ते ओळखण्यासाठी लागतो चमचाभर रक्ताचा नमुना, दुसऱ्या बाजूची एक तपासणी आणि काही मिनिटांचा वेळ. ती तपासणी घाट चढण्यापूर्वी झालेली असेल, तर खिशातील कार्डावर ‘ओ’ या एकाक्षरी नोंदीऐवजी ‘मुंबई गट’ हे दोन शब्द असतील. रुग्णालयाच्या दारात तेवढ्या दोन शब्दांनी एक जीव वाचू शकतो.